अर्ध्या अंशाचं खोटं

कारखान्यात तिला सगळे खिडकीबाई म्हणत. टूलरूमच्या खिडकीत ती एकतीस वर्षं बसली. कामगाराने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा आणि मापाचं हत्यार न्यायचं. पाळी संपली की हत्यार परत, बिल्ला परत. काम एवढंच, आणि पगारही एवढ्याच कामाचा. पण परत आलेलं प्रत्येक हत्यार ती पुसायची, उघडायची, तपासायची. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी तिथे चौतीस वर्षं फिटर होतो. दिलेल्या कामापेक्षा जास्त करणारी माणसं मी बोटांवर मोजावी इतकी पाहिली. त्यातली ही पहिली.

एकदा नवे मॅनेजर बिल्ल्याशिवाय मायक्रोमीटर मागायला आले. बाईने दिला नाही.

"मी कोण आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे साहेब. बिल्ला नसलेले."

मागे रांगेत आम्ही सातजण होतो. हसू दाबताना एकाला उचकी लागली. मॅनेजर गेले, बिल्ला करून घेऊन परत आले. तेव्हा तिने मायक्रोमीटर पुसून दिला आणि वर म्हणाली, "घासायचा नाही, फक्त टेकवायचा."

माझा मित्र क्रेन चालवायचा. त्याला वर केबिनमध्ये कसलंच माप लागत नाही. तरी तो तीन महिने रोज खिडकीवर येऊन फटी मोजायच्या पात्यांचा जुडगा घेऊन जायचा. शेवटी तिनेच विचारलं, "क्रेनवाले, वरती नक्की कसली फट मोजता?" लग्न पुढच्या वर्षी झालं. तेव्हापासून ती माझी वहिनी आणि मी तिचा भाऊजी. पण हत्याराचा विषय निघाला की मी अजूनही "फिटर" होतो.

निवृत्तीनंतर क्रेनवाल्याने विमानांचा नाद धरला. रिमोटवर उडणारी छोटी विमानं. सुरुवातीला तयार विकत घेतलेली उडवली. हात चांगला होता. पन्नास टनांचा बोजा माणसांच्या डोक्यावरून नेलेला हात तो. मग स्वतः बांधायला लागला. मोठं विमान, माणसाच्या उंचीएवढे दोन पंख, हलकं लाकूड, वर कापड. एकेका विमानाला त्याची नऊ-दहा महिने मेहनत.

पहिलं विमान उठलं, डावीकडे कललं आणि कुंपणावर आपटलं. सगळे म्हणाले, वारा. दुसरं उठलं, डावीकडे कललं, याने रिमोटची काडी उजवीकडे पूर्ण दाबली तरी कलतच गेलं आणि उभ्या केलेल्या गाडीपासून दहा पावलांवर नाकावर पडलं. गाडीत एक बाई तान्ह्या मुलीला घेऊन बसली होती. या वेळी सगळे म्हणाले, इंजिनाची ओढ. पण विमानं उडवायच्या मैदानाच्या कमिटीने पत्र दिलं. तिसऱ्या विमानाचे पंख मोजून, आकडे लेखी द्यायचे. दोन पंखांच्या कोनात अर्ध्या अंशाहून जास्त फरक दिसला तर उडवायचं नाही. आणि तिसरा अपघात झाला तर सभासदत्व कायमचं बंद.

शहरात उडवायला दुसरी जागा नव्हती. क्रेनवाल्याचं वय एकाहत्तर. पत्र वाचून तो एवढंच म्हणाला, "मग मी रविवारी काय करायचं?"

तिसरं विमान तयार होतं. परीक्षा रविवारी सकाळी नऊला होती. शनिवारी अकरा वाजता वहिनीने मला बोलावून घेतलं.

विमान बाहेरच्या खोलीत लाकडी घोडीवर पट्ट्यांनी घट्ट बसवलेलं. दोन्ही पंख लावलेले, खोलीत चालायला वाट उरली नव्हती. टेबलावर तीन हत्यारं मांडलेली. वहिनीच्या नाकावर चष्मा, पुढ्यात वही.

"भाऊजी, बसा. पंख मोजायच्या आधी मोजणारा ठरवायचा आहे."

"ठरवायचं काय त्यात?" क्रेनवाला म्हणाला. "याने केलेला काटा आहे ना. आधीची दोन्ही विमानं त्यावरच बांधली, हेही त्यावरच."

काटा मी केलेला. पितळी पट्टी, दोन्ही टोकांना खाच, एक खाच पंखाच्या पुढच्या कडेला बसते, एक मागच्या. मध्ये लोंबता काटा, त्याच्या टोकाला शिसं, मागे अंशांच्या खुणा, शून्य मधोमध. पंख पुढून जितका वर उचललेला तितके अंश काटा दाखवतो. बारा दिवस कानस चालवून केला होता. खुणा भिंगातून पाहून कोरल्या होत्या.

दुसरं हत्यार कमिटीच्या सेक्रेटरीने दिलेलं, बॅटरीवर चालणारं, आकडे दाखवणारं. तिसरं दुकानातलं, प्लास्टिकचं, बुडबुड्याचं.

वहिनीने तिसरं उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि बाजूला ठेवलं. "याचा बुडबुडाच एक अंश जाड आहे. अर्धा अंश काय दाखवणार?"

मग बॅटरीचं. तिने ते डाव्या पंखाला लावलं. आकडा आला एक पूर्णांक चार. वहीत लिहिला. काढलं, परत तिथेच लावलं. एक पूर्णांक नऊ. काढलं, लावलं. एक पूर्णांक एक. असं दहा वेळा. पंखाला कोणी हात लावला नव्हता, घोडी हलली नव्हती, आकडे मात्र उड्या मारत होते. मी वाकून पाहिलं. त्याचे जबडे प्लास्टिकचे, आतून गुळगुळीत. पंखाच्या गोल कडेवर दर वेळी वेगळ्या जागी बसत होते.

"दशांशात बोलतं म्हणून शहाणं असतं असं नाही," वहिनी म्हणाली.

"मी काय सांगत होतो!" क्रेनवाला खूश झाला. "आता याचा लाव."

माझा काटा तिने दहा वेळा लावला. दोन. दोन. दोन. दहाही वेळा दोन अंश, केसभर इकडेतिकडे नाही. उजव्या पंखाला लावला. तिथेही दहाही वेळा दोन. क्रेनवाल्याने माझ्या पाठीत धपका घातला. "पास! लिही, डावा दोन, उजवा दोन. जेवायला वाढ."

वहिनीने लिहिलं, पण वही मिटली नाही. ती पंखाशी उभी राहिली. "अहो, तुम्ही काटा वाचता कुठून?"

"कुठून म्हणजे? बाहेरून. पंखाच्या टोकाकडून. आत विमानाचं पोट आडवं येतं."

"दोन्ही पंखांना?"

"दोन्ही."

तिने पट्टी उचलली, हवेत अर्धी फिरवली, पुढचं टोक मागे आणि मागचं पुढे, आणि डाव्या पंखावर ठेवली. खुणा आता पोटाच्या बाजूला आल्या होत्या. पोट आणि पट्टी यांच्यामधल्या वितभर फटीत डोकं घालून तिने वाचलं.

"एक."

"चुकीचा बसवलास," क्रेनवाला म्हणाला.

तिने काढला, बसवला. एक. परत काढला, परत बसवला. एक. मग ती विमानाला वळसा घालून उजव्या पंखाकडे गेली. तिथे तसाच उलटा ठेवला, डोकं घातलं. बराच वेळ बाहेर आली नाही.

"किती?" मी विचारलं.

"तीन."

मला समजलं होतं. क्रेनवाल्याला अजून नाही.

"सरळ ठेवला तर दोन, उलटा ठेवला तर एक," वहिनी म्हणाली. "खरं त्याच्या मध्ये. डावा पंख दीड अंश. उजवा अडीच. काटा एका टोकाकडे अर्धा अंश झुकलेला आहे. तुम्ही दोन्हीकडे बाहेरून वाचता, म्हणजे डावीकडे काट्याचं एक टोक पुढे येतं, उजवीकडे दुसरं. एकीकडे तो अर्धा जास्त सांगतो, दुसरीकडे अर्धा कमी. तुम्ही काटा बघून पंख सारखे केलेत. काट्याला ते सारखे दिसले. झाले एक अंशाने वेगळे. उजवा जास्त उचलतो, विमान डावीकडे पडतं."

"पहिलंसुद्धा?" क्रेनवाल्याने विचारलं.

"दोन्ही."

वहिनी माझ्याकडे वळली. "फिटर, शून्य कुठे धरलंत?"

मी सांगितलं. निवृत्तीनंतर घरी सपाट लोखंडी पाट कुठून आणणार? स्वयंपाकघरातल्या ओट्यावर धरलं. दगड घोटीव होता. पोलादी पट्टी उभी धरून, मागून दिवा लावून पाहिला होता. कुठेही उजेड दिसला नाही. अगदी सपाट.

"सपाट असेल. ओट्यावर पाणी सांडलं तर कुठे जातं, भाऊजी?"

पाणी बेसिनकडे जातं. जावं म्हणूनच गवंडी ओट्याला उतार देतो. माझ्या घरचा ओटा रोज मीच पुसतो. पाणी रोज बेसिनकडेच जातं. सपाट आणि लेव्हल यांतला फरक मी शिकाऊ पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो. शंका घेऊन पट्टी एकदा उलटी ठेवली असती तर एका मिनिटात कळलं असतं. बारा दिवस कानस घातली आणि ते एक मिनिट दिलं नाही.

क्रेनवाला उठला, आतल्या खोलीत गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

"वहिनी, काटा द्या इकडे. फेकून देतो."

"कशाला? हेच हत्यार घेणार आहे मी."

"अहो, खोटं बोलतं ते!"

"बोलतं. पण दर वेळी तेवढंच बोलतं. अशा माणसाबरोबर संसार करता येतो. ते बॅटरीचं कधी खरं कधी खोटं. त्याचं काय करू?"

"मग निदान खुणा सरकवून देतो. तासाभराचं काम."

"हात लावायचा नाही. आज दुरुस्त केलंत तर मला त्याची परत पहिल्यापासून ओळख करून घ्यावी लागेल. वेळ नाही. सरळ ठेवायचा, उलटा ठेवायचा, मधला आकडा घ्यायचा."

पंख नळीवर बसतात आणि मागे एका लाकडी खुंटीने अडतात. खुंटीचं भोक वर-खाली केलं की कोन बदलतो. नळीपासून खुंटी दोनशे मिलिमीटर. अर्धा अंश म्हणजे पावणेदोन मिलिमीटर. सहा मिलिमीटरचं भोक पावणेदोनने सरकत नाही, जुन्यातच घसरतं. आधी जुनं भोक लाकूड ठोकून भरायचं, चिकटवायचं, सुकू द्यायचं, मग नवं पाडायचं. दोन्ही पंखांना. पाच मिनिटांत धरणारा गोंद होता, पण तो ड्रिलच्या गरमीने सुटतो. सावकाश धरणाऱ्याला रात्र लागणार होती. म्हणजे भोकं रविवारी पहाटे पाडायची आणि चूक झाली तर सुधारायला वेळ नाही.

"सावकाश धरणाराच," वहिनी म्हणाली. दुपारी दोनला आम्ही भोकं भरली. क्रेनवाल्याने गोंद कालवला, खुंट्या तासून दिल्या, सगळं केलं. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. काही हवं असलं की वहिनीला सांगायचा. "त्याला सांग, चिमटा दे." मी समोर दोन हातांच्या अंतरावर उभा असायचो.

रविवारी सहाला मी पोचलो. दार त्याने उघडलं आणि बाजूला झाला. वहिनीने ड्रिल पुसून माझ्या हातात दिलं. "भोक फिटर पाडतील."

क्रेनवाल्याने भिंतीकडे पाहिलं. नको म्हणाला नाही.

चौतीस वर्षांत मी किती भोकं पाडली याची गणती नाही. अशी दोन पाडली नव्हती. आखणी वहिनीने केली, मी तपासली, परत तिने तपासली. आधी दोनचं भोक, मग चारचं, मग सहाचं. लाकूड इतकं हलकं की ड्रिल दाबायचं नाही, त्याच्या वजनानेच उतरू द्यायचं. डावं झालं. पंख बसवला. वहिनीने काटा सरळ ठेवला: अडीच. उलटा: दीड. मध्ये दोन. बरोबर.

उजवं झालं. सरळ: पावणेदोन. उलटा: पावणेतीन. मध्ये सव्वादोन.

सव्वासात वाजले होते.

"पाव अंशाचा फरक," क्रेनवाला तिला म्हणाला. "कमिटीला अर्धा चालतो. चल, गाडीत भरू."

"मला नाही चालत."

"अगं, नऊला पोचलो नाही तर सगळंच बंद! भोक परत बिघडलं तर काय करशील?"

"गाडीजवळची ती बाई आठवते?" वहिनीने विचारलं.

त्याने पंख परत काढून दिला. मी गोल कानस घेतली. भोकाची एक बाजू एक मिलिमीटरला थोडी कमी अशी खाल्ली. दर चार घासांनी थांबून खुंटी घालून पाहिली. दुसऱ्या बाजूला तेवढीच फट पडली, तिथे पत्र्याची पट्टी वाकवून चिकटवली. या एका जागी पाच मिनिटांचा गोंद चालत होता. पंख बसवला. सरळ: दीड. उलटा: अडीच. वहिनीने तीनदा वाचलं. वहीत लिहून खाली रेघ मारली. आठ वाजून वीस मिनिटं.

मैदानावर सेक्रेटरी फळीवर कागद लावून उभे होते. माणूस वाईट नाही. औषधांचं दुकान चालवतात, सगळं लेखी लागतं. विमान घोडीवर ठेवलं तशी त्यांनी आम्ही परत आणलेलं त्यांचं बॅटरीचं यंत्र स्वतः लावलं. डावा एक पूर्णांक सहा. उजवा दोन पूर्णांक तीन.

"सात दशांश फरक," ते म्हणाले. "माफ करा, काका. नियम अर्ध्याचा आहे."

क्रेनवाल्याच्या हातात रिमोट होता. त्याचे अंगठे काड्यांवरून खाली आले. पंधरा-वीसजण जमले होते.

"परत लावा," वहिनी म्हणाली.

"काकू, आकडा समोर आहे."

"म्हणून तर. परत लावा. तोच आला तर आम्ही घरी जातो."

त्यांनी लावलं. डावा दोन पूर्णांक दोन, उजवा एक पूर्णांक आठ. त्यांनी यंत्र हलवून पाहिलं, परत लावलं. आता डावा एक पूर्णांक सात, उजवाही एक पूर्णांक सात.

"यातला कुठला लिहिताय?" वहिनीने विचारलं. मागून कोणीतरी म्हणालं, "चिठ्ठी टाका, साहेब," आणि लोक हसले. सेक्रेटरींचे कान लाल झाले. वहिनी हसली नाही. तिने पितळी काटा त्यांच्याच हातात दिला. "मी लावत नाही. तुम्ही लावा. सरळ आणि उलटा, कितीही वेळा."

त्यांनी चार-चार वेळा लावला. चारही वेळा तेच. मग त्यांनी तिची वही वाचली. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: काट्यात अर्ध्या अंशाची चूक आहे.

"म्हणजे हे हत्यार चुकीचं आहे, हे तुम्हीच लिहून देताय?"

"हो. किती आणि कुठल्या बाजूला, तेही. तुमच्या यंत्राची चूक किती, ते तुम्ही लिहून द्या. मग दोन्ही कागद शेजारी लावू."

सेक्रेटरींनी वही दोनदा वाचली. पेन काढलं, झाकण लावलं, परत काढलं. "उडवा," म्हणाले. "गाड्या लांब घ्यायला सांगतो."

गाड्या हलवल्या. लोक कुंपणामागे गेले. क्रेनवाला धावपट्टीच्या कडेला एकटा उभा राहिला, त्याच्या मागे दोन पावलांवर वहिनी, तिच्या मागे मी. इंजिन सुरू झालं. विमान धावलं, शेपटी उचलली गेली, चाकं सुटली. पहिली दोन याच जागी कलली होती. वहिनी पुटपुटत मोजत होती. एक. दोन. तीन.

पंख सरळ होते. विमान शिडीवर चढल्यासारखं चढत गेलं. क्रेनवाल्याने उजवीकडे वळवलं, वळलं. डावीकडे वळवलं, वळलं, आणि सोडल्यावर आपसूक सरळ झालं. तो एक पूर्ण फेरी अंगठे जेमतेम हलवत उडवत राहिला. दुसऱ्या फेरीत म्हणाला, "ऐकतंय."

"उतरवा आता," वहिनी म्हणाली. "पहिल्याच दिवशी हाव नको."

"एक फेरी."

"अहो!"

त्याने उतरवलं. चाकं टेकली, एकदा उडी मारली, परत टेकली आणि विमान गवताजवळ थांबलं. इंजिन बंद झालं. वहिनीने त्याच्या गळ्यातून रिमोटचा पट्टा काढून घेतला आणि स्वतःच्या खांद्यावर टाकला. सेक्रेटरींनी सही केली. कागदावर हत्याराच्या जागी काय लिहायचं, असं त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाली, "पितळी काटा. चूक अर्धा अंश. चूक गाळायची नाही."

विमान उचलायला दोन माणसं लागतात. पुढून नाक आणि मागून शेपटी. क्रेनवाला नाकाशी जाऊन उभा राहिला. दोन-तीन सभासद मदतीला पुढे आले. त्याने त्यांना हातानेच थांबवलं आणि काल दुपारपासून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"बघत काय बसलास? शेपटी धर. हळू. दहा महिन्यांचं काम आहे."

मी शेपटी धरली.